पिल्लाशी बोलायचं नाही

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पदवी हातात पडली आणि नोकरीच्या घाण्याला जुंपून घेण्याआधी एक वर्ष जग बघून येते म्हणाली, तेव्हा वडील म्हणाले, "जगाचं काही अडलंय का तुझ्यावाचून?" आईने मध्ये पडून परवानगी मिळवली. अशी ती परदेशात, डोंगराच्या पायथ्याशी, अनाथ प्राण्यांच्या एका केंद्रात येऊन पडली. पहिल्याच आठवड्यात तिच्या वाट्याला अस्वलाचं पिल्लू आलं.

तिथला मुख्य नियम एकच. पिल्लाला माणूस कळता कामा नये. खायला घालताना अंगावर केसाळ झूल, चेहऱ्यावर जाळी, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

"माणसाचा लळा लागलेलं अस्वल कधी ना कधी वस्तीत शिरतं," केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि वस्तीत शिरलेल्या अस्वलाला गोळी घालतात. तेव्हा मुली, जीभ आवर."

आता जीभ आवरणं हे धाकटीच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. दिवसभर परक्या भाषेत अडखळून तिचा जीव कावून जाई. पिंजऱ्याचं दार लावलं की आत ओल्या भुशाचा वास, पत्र्यावर टपटपणारं पाणी आणि ते पिल्लू. एकदा ते कण्हत होतं आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "काय झालं बाळा? आई आठवली?" पिल्लाने कान टवकारले. मग काय, रोजचंच झालं. सफरचंदाच्या फोडी बिया काढून भरवता भरवता ती घरच्या साऱ्या कागाळ्या त्याला सांगे, आणि ते मांडीवर डोकं टेकून ऐके. 'ये बाळा' म्हटलं की कोपऱ्यातून धावत येई.

जंगलात सोडण्याआधी परीक्षा होती. कुंपणाबाहेरून प्रत्येकाने लाडाने हाक मारायची. पिल्लू जवळ आलं तर नापास, आणि जन्मभर पिंजरा. बाईंनी हाक मारली, स्वयंपाक्याने मारली. पिल्लू सरसर झाडावर चढलं.

"आता तू," बाई म्हणाल्या.

धाकटीने घोगरा आवाज काढला आणि त्यांच्याच भाषेत हाक मारली. पिल्लू खाली उतरलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. मराठीत हाक मारून बघा, हे सांगू शकणारी तिथे ती एकटीच होती, आणि ती मूग गिळून गप्प बसली.

गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून पिल्लाला जंगलात सोडलं आणि तिला अन्न गोड लागेना. डोंगरापलीकडे लाकूडतोड्यांचा तळ होता, त्यांच्याकडे बंदुका होत्या. परीक्षेत झाडावर चढलं म्हणून काय झालं? पोटात कावळे ओरडायला लागले की त्याला माणसाची मांडी आठवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते मेलं तर आपण मारलं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

पट्ट्याचा मागोवा घेणाऱ्या माणसाला सगळे रेडिओवाला म्हणत. जेवताना त्याने सहज विचारलं, "तू सुट्टीच्या दिवशी जंगलात जातेस का?"

"नाही. का हो?"

"लाकूडतोडे म्हणतात, दुपारची झाडीत कुणी मुलगी हाका मारत असते. भाषा काही कळत नाही म्हणे."

"उद्या मीही येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर निघाली. वाटेत तिने मूठभर दगड उचलले. पिल्लू दिसलं की दगड मारायचे, आपल्या भाषेत शिव्या घालायच्या आणि आपण लावलेली माया आपल्याच हातांनी मोडायची, असं तिने ठरवलं होतं. रानात डिंकाचा वास होता. पाखरू बोलत नव्हतं. रेडिओवाल्याच्या हातातलं यंत्र टिकटिकत होतं.

एका सपाट खडकावर रानफळं मांडलेली दिसली. प्रत्येक फळ उकललेलं. बियांची बाजूला छोटीशी रास.

"अस्वल काही बिया काढत बसत नाही," रेडिओवाला पुटपुटला. "माकड असेल."

"इथे माकडं आहेत?"

त्याने पुन्हा यंत्रात डोकं घातलं.

चिखलात पिल्लाची पावलं होती. नुसती पिल्लाचीच.

मग ते समोरच उभं राहिलं. चांगलं भरलं होतं अंगानं. तिला पाहून त्याने नाक वर केलं, आणि आनंदाने धावत सुटलं. तिच्याकडेच.

तिने दगड उगारला. हात हलेना. शिवी ओठांवर येईना.

"नको बाळा. जाऊ नकोस. ते माणूस आहे."

आवाज झुडपामागून आला होता. शुद्ध मराठीत. तिच्याच आवाजात.

पिल्लू जागच्या जागी थांबलं. परक्याकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने झुडपात शिरलं.

"शाबास!" मागून येणाऱ्या रेडिओवाल्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "कसं घाबरलं बघ! आता ते माणसाच्या वाटेला जाणार नाही. काय ओरडलीस गं?"

तिचे ओठ अजून मिटलेलेच होते. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासूनचं सगळंच सांगावं लागणार होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "पळ इथून, असं म्हटलं."

झुडपामागे पाला सळसळला. कुणीतरी पिल्लाला जवळ घेतलं असावं.

"पाहिलंस ना बाळा?" तिचाच आवाज मायेने म्हणाला. "खोटंसुद्धा बोलतात."