तोमासाचे ओठ

जत्रेआधीचा आठवडा आला की इलुमिनादा कारखान्याचं मागचं दार उघडायची आणि कागदी डोकी एकेक करून उन्हात मांडायची. माणसाच्या कमरेला लागतील एवढी थोरली, आतून पोकळ डोकी. संताच्या रविवारी गडी ती खांद्यांवर चढवून ढोलाच्या तालावर सांता ओलाया गावाच्या गल्ल्यांतून नाचत जात. त्याआधी वर्षभराची धूळ पुसायची, तडे खळीने आणि वर्तमानपत्राच्या कपट्यांनी बुजवायचे, मग प्रत्येकाला रंगाचा नवा हात द्यायचा, असा रिवाज होता. इलुमिनादा तो तिच्या धर्मपित्याकडून, तिच्या पाद्रिनोकडून, म्हणजे डॉन सेवेरोकडून शिकली होती.

डॉन सेवेरो गोरा, ठेंगणा, बडीशेपेच्या दारूचा शौकीन. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने या काळ्या पोरीची जबाबदारी घेतली ती नावापुरती नव्हे. तिचा बाप समुद्रात बुडाला तेव्हा तिला शाळेचे बूट त्याने घेतले, ब्रश धरायला त्याने शिकवलं आणि मरताना कारखान्याची किल्ली तिच्याच मुठीत ठेवली. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती अजून रोज सकाळी त्याच्या नावाने खिडकीत कपभर कॉफी ठेवी. शेजारणी हसायच्या. हसू देत.

यंदा डोक्यांच्या ओळीसमोर तिची भाची यादिरा कमरेवर हात ठेवून उभी होती. यादिरा शाळेत शिकवायची, आणि शाळेबाहेरही.

"आत्या, ही यंदा बाहेर काढायची नाही."

ही म्हणजे तोमासा. मिरवणुकीतलं सगळ्यात लाडकं डोकं. काळाकुट्ट रंग, बटबटीत डोळे, फताडं नाक आणि या कानापासून त्या कानापर्यंत वासलेले लालभडक ओठ. तोमासा इलुमिनादाची खरीखुरी आजी. चौकाच्या कोपऱ्यावर गाडी लावून पास्तेलियो तळायची. खिम्याच्या त्या गरम करंज्या पोटात गेल्याशिवाय डॉन सेवेरो कामाला हात लावत नसे. हे डोकं मी तिच्यावरच्या मायेपोटी घडवलं, असं तो शपथेवर सांगे, आणि इलुमिनादाला ते खरंच वाटे. शाळेतली पोरं 'ए ओठाळ तोमासा' म्हणून छोट्या इलुमिनादाच्या मागे लागायची, तेही खरंच होतं. ती रडत आली की डॉन सेवेरो तिचे डोळे पुसून म्हणायचा, "हसतात ते प्रेमानेच गं, वेडे."

"त्या काळी तसंच करायचे," इलुमिनादा म्हणाली.

"का? त्या काळी पणजीकडे आरसा नव्हता?"

उंबऱ्यावर पेरू खात बसलेला मोंचीन मदतीला धावला. तोमासाचं डोकं वर्षानुवर्षं खांद्यावर घेऊन नाचणारा तो हाच.

"अगं, तोंड मोठं नको तर मी बघू कुठून? आतून वाट तोंडातूनच दिसते."

यादिराने ओळीतलं एकेक डोकं वाकून बघितलं. नगराध्यक्षाच्या कॉलरमध्ये भोक होतं, जोगिणीच्या पदरात होतं. ओळीच्या शेवटी डॉन सेवेरोचं डोकं होतं, त्याने स्वतःच केलेलं. तिरपी टोपी, मंद हसू, खऱ्यापेक्षा चांगलंच सरळ नाक. त्याच्या टायच्या गाठीत काळी जाळी लावलेली होती.

"सगळ्यांना गळ्याशी भोक आहे, मोंचीनकाका. हिलाच तेवढं तोंड."

"माझं काय, मी आतच असतो," मोंचीन पुटपुटला. "मला कुठे ती दिसते?"

यादिराचा आवाज खाली आला. "जत्रेच्या दिवशी पणजी गाडी लावायची नाही, हे तूच सांगितलंयस. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा सोडून ती घरात का बसायची? रविवारी हे डोकं निघालं तर मी या दारात पाय ठेवणार नाही, आत्या."

पोर बोलली तसं करणारी होती, आणि इलुमिनादाला तिच्याखेरीज कुणी नव्हतं. पण मिरवणुकीतून काढलेलं डोकं जाळायचा रिवाज होता, आणि ते जाळणं म्हणजे डॉन सेवेरोचा हात जाळण्यासारखं. ज्याचं जळतं त्याला कळतं. काय करावं ते कळेना, तेव्हा तिने नेहमीचं काम पुढे ओढलं आणि तोमासाच्या ओठांवर लाल रंगाचा नवा हात दिला.

दुसऱ्या दिवशी रंग ओलाच होता. त्याच डब्यातला रंग जोगिणीच्या गालांवर तासाभरात वाळला होता. तिसऱ्या दिवशीही तो बोटाला लागला. आणि ओठ अरुंद झाले होते.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कुणी खरवडलं नव्हतं. जमिनीवर चूर नव्हता, लाल कपटा नव्हता. जिथे ओठ होते तिथे ताज्या कागदाचा ओला लगदा गुळगुळीत बसवलेला होता. दाराची कडी आतून लागलेली, किल्ली तिच्याच गळ्यात.

ती घाबरली नाही. उलट तिला भरून आलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, डॉन सेवेरोची तर मेल्यावरही गेलेली दिसत नव्हती. पुरं झालेलं काम पुन्हा हातात घेण्याची त्याची सवयच होती. आपली चूक तो आपणच निस्तरतोय, आता काही जाळायला नको. तिने त्या दिवशी कॉफीत साखर जास्त घातली. कॉफीला मात्र कुणी तोंड लावलं नाही. संध्याकाळी तिच्यावर साय धरली होती.

पुढे रोज सकाळी काहीतरी बदललेलं असे. नाक उठलं. डोळे आत गेले, त्यांना पापण्या आल्या. शनिवारी तोंड मिटलेलं होतं, आणि घडवंचीवरून तोमासा बघत होती. दमलेली, देखणी, कुणाचंही ऐकून न घेणारी.

यादिरा मोंचीनबरोबर आली आणि दारातच थबकली. मग तिने आत्याला घट्ट मिठी मारली.

"तू केलंस हे?"

"मी नाही. पाद्रिनोंनी केलं."

यादिरा रडता रडता हसली. आत्या श्रेय नेहमी त्यालाच देते, हे तिला ठाऊक होतं. तिने तोमासाच्या गळ्यावरून हळूच बोट फिरवलं. तिथे बघायला नवं भोक पडलं होतं. "कड बघ ना किती छान केलीयस. पास्तेलियोसारखी मुरड."

इलुमिनादा वाकली. कागदाच्या कडेला बारीक मुरड घातलेली होती, आणि ती उलटी होती, डावीकडे कलणारी. आजी डावखुरी. तिचा पास्तेलियो उभ्या गावात मुरडीवरून ओळखू यायचा. लगद्याला तळणीच्या तेलाचा वास येत होता. बडीशेपेचा नव्हता.

डॉन सेवेरोला जन्मात मुरड घालता आली नव्हती.

"लुमी," कोपऱ्यातून मोंचीनने हाक मारली. "म्हाताऱ्याचं तोंड भिंतीकडे कुणी केलं?"

तिघांनी मिळून डॉन सेवेरोचं ते डोकं वळवलं.

टायच्या गाठीतलं भोक बुजलं होतं. डोळे बटबटीत झाले होते. मंद हसू होतं तिथे या कानापासून त्या कानापर्यंत ते ओठ वासले होते. तेच. गेली कित्येक वर्षं तिने रंगवलेले.

यादिराला आधी हसू फुटलं. मग ते थांबलं.

मोंचीनला धीर कधीच नव्हता, पण अक्कलही नव्हती. त्याने खालून डोकं आत घातलं. "इथून झकास दिसतं की," आतून आवाज आला. मग तो घाईने बाहेर आला आणि बाहीने गाल पुसू लागला.

"आत ओलं आहे. कोमट." त्याने बाही हुंगली. "बडीशेप."

तो निघून गेला. त्याचा अर्धा पेरू उंबऱ्यावरच राहिला.

"खरवडून टाक, आत्या," यादिरा कुजबुजली. "तो असा नव्हता. त्याने तुला वाढवलंय."

"तीही तशी नव्हती."

तरी तिने पातं उचललं. तिचा जीव तुटत होता. आता उभ्या गावासमोर त्याला हे तोंड घेऊन नाचावं लागणार. तिने एक हात त्याच्या कागदी गालावर ठेवला, दुसऱ्याने पातं ओठाच्या कडेला लावलं.

"आत्या," यादिरा म्हणाली. "मागे बघ."

तोमासाचं डोकं दाराकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

आता ते इलुमिनादाच्या हाताकडे बघत होतं.

इलुमिनादाने पातं खाली ठेवलं. लाल रंगाचा डबा उघडला. ब्रश त्यात बुडवून काठावर निथळवला, त्यानेच शिकवलं होतं तसा.

"हसतील ते प्रेमानेच, पाद्रिनो," ती म्हणाली, आणि वरच्या ओठापासून सुरुवात केली.

रंग ब्रशमागोमाग वाळत गेला.