सावधगिरीचा रकाना

डाव्या हाताने टाईप करतेय, म्हणून वेळ लागतोय. उजवा हात ठकीकडे आहे. ठकी म्हणजे माझी लेक, आठ महिन्यांची. ती झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. त्यात भांडी, कपडे, अंघोळ, आणि उरलीच तर हे. आज भांडी राहू देत.

माझं काम सांगायला सोपं आणि ऐकायला कंटाळवाणं. आमचा काचेच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टी कशी पेटवायची, पट्ट्यावरून तडकलेल्या बाटल्या कशा उचलायच्या, जिना कसा धुवायचा, पाळणाघरातून मूल कसं ताब्यात द्यायचं, अशा दोनशे चौदा कार्यपद्धती. प्रत्येक विभागाने आपापल्या हौसेने टाईप केलेल्या. कुणाचं शीर्षक निळं, कुणाचं तिरकं, स्टोअरवाल्यांचं निळंही आणि तिरकंही, वर खाली दोन रेघा. एकेका पद्धतीच्या तीन-तीन प्रती भिंतींवर. एकाने जुनी प्रत वाचून भट्टीचं झाकण उघडलं आणि हात भाजून घेतला, तेव्हा साहेबांनी ठरवलं की आता सगळं कारखान्याच्या अंतर्गत जाळ्यावर, एकाच साच्यात.

"भिंतीवरचा कागद न् कागद फाडा," ते म्हणाले. "स्क्रीनवर असेल तेच खरं. माझं तोंडी सांगणंसुद्धा नाही."

साचा म्हणजे काय, तर मजकूर कसा दिसतो ते सांगायचं नाही, तो काय आहे ते सांगायचं. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. हे शीर्षक, ही पायरी, ही सावधगिरी. रंगरंगोटी नंतर मशीन बघून घेतं. मला हे काम मनापासून आवडायचं. जे उघडलं ते बंद झालंच पाहिजे, असा नियम तान्ह्या बाळाच्या घरात कुठे असतो?

खुणा तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ऑफिसात सगळे आत्याबाई म्हणत. लग्नाघरी आलेल्या आत्याबाईसारखी ती कशातही खोट काढायची. आणि तिचा सगळ्यात मोठा हट्ट एकच होता: प्रत्येक पानावर सावधगिरीचा रकाना हवाच, आणि तो रिकामा चालणार नाही. रिकामा दिसला की पान परत.

आता जुन्या कागदांत निम्म्या ठिकाणी सावधगिरी नव्हतीच. कपाटाची किल्ली कुठे टांगायची यात कसली आलीय सावधगिरी? मग या कामात सगळे करतात तेच मी केलं. रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. आत्याबाईंनी मान डोलावली, पान जाळ्यावर गेलं.

तिसऱ्या आठवड्यात जिना धुणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"ताई, तुम्ही कधी आलात मागच्या जिन्यावर?"

"कधीच नाही. का हो?"

"मग तुम्हाला कसं कळलं, वरून चौथी पायरी हलते म्हणून? आज वाचलं आणि बघितलं, तर खरंच हलतेय. मी रोज तिच्यावर उभी राहते, मला पत्ता नाही."

मी ते पान उघडलं. सावधगिरी: वरून चौथी पायरी डाव्या टोकाला सुटली आहे.

मी तिथे 'काही नाही' लिहिलं होतं. मला नक्की आठवत होतं, कारण त्या दिवशी ते एकामागोमाग एकतीस पानांवर चिकटवलं होतं. मी एकतीसही पानं उघडून बघितली. कुठेही 'काही नाही' नव्हतं. पॅकिंगच्या पानावर: तीन नंबरच्या टेबलाखाली खिळा वर आला आहे. स्टोअरच्या पानावर: मागची खिडकी बंद दिसते, बंद होत नाही. छोटी, शांत वाक्यं. कुणीतरी फार वेळ तिथे उभं राहून बघितल्यासारखी.

मी पॅकिंगमध्ये जाऊन टेबलाखाली वाकले. खिळा होता.

जाळ्याची तारजोड बघणारे वायरकाका दोन वर्षांत निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. त्यांनी बदलांची नोंदवही उघडली.

"हे बघ पोरी, सगळे बदल तुझ्याच नावाने, तुझ्याच मशीनवरून. रोज अकरा चाळीस ते बारा. स्वतःच करतेस आणि मला पळवतेस होय?"

"काका, अकरा चाळीसला मी पाळणाघरात असते. ठकीला पाजायला."

"मग पाजता पाजता करत असशील." ते हसले. "माझी बायको झोपेत पोळ्या लाटायची. पहिल्या पोराच्या वेळी. आईच्या जातीला एक जागा पुरत नाही."

मीही हसले. झोप पुरत नव्हती हे खरंच होतं. नवरा रात्रपाळीला, दिवसा झोपलेला. मी रोज सकाळी ठकीला कुशीत घेऊन वसाहतीतून पाच मिनिटं चालत यायचे, तळमजल्यावर पाळणाघरात द्यायचे आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचे. बसल्यावर अर्धा जीव खालीच. पाजायला खाली गेलं की वर राहिलेलं काम डोक्यात. मी कुठेच पूर्ण नसायचे. आणि समजा कुणी माझे रकाने भरत होतं, तर ते माझ्यापेक्षा बरं भरत होतं. स्टोअरवाल्यांनी खिडकी दुरुस्त केली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं.

पुढची पानं आली तशी मी मुद्दाम 'काही नाही' लिहीत गेले.

पाळणाघराचं पानही.

त्या पानावर बोटं थांबली होती, हे खोटं नाही सांगत. पण घड्याळात अकरा पस्तीस झाले होते, ओढणी ओली व्हायला लागली होती. लिहिलं, पाठवलं आणि खाली पळाले.

त्या दिवशी ठकीने दूध घेतलं नाही. तोंड फिरवलं आणि माझ्याकडे समाधानाने बघत राहिली. तिच्या हनुवटीखाली दुधाचा ओघळ होता, अजून ओला.

"मावशी, हिला वरचं दूध दिलंत का?"

पाळणाघराच्या मावशी नॅपीच्या घड्या घालत होत्या. "मी कशाला देऊ? आत्ताच तर पाजून गेलात की. अकरा वीसला. म्हटलं, आज ताईंना लवकर सुटका मिळाली."

"मी आत्ताच येतेय, मावशी."

त्यांनी घडी घालायची थांबवली. मग माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. "होतं असं. माझी धाकटी लहान असताना मी एकदा रिकामं दुपटं पाऊण तास थोपटत बसले होते. घरी जाऊन झोपा जरा."

पाजायच्या खोलीत एक खुर्ची आणि एक पडदा. मी खुर्चीवर बसले. बसायची जागा गरम होती.

दुसऱ्या दिवशी मी अकरालाच खाली गेले. ठकीचं पोट भरलेलं. तिसऱ्या दिवशी साडेदहाला. पोट भरलेलं, आणि मावशी आता माझ्याशी कमी बोलू लागल्या होत्या. माझं दूध मोरीत जात होतं. छाती दुखत होती आणि लेक बाळसं धरत होती.

चौथ्या दिवशी दहाला गेले, तर मावशी काउंटरच्या फळीमागे उभ्या होत्या. फळी खाली पाडलेली.

"ताई, रागावू नका. मूल देता येणार नाही."

"म्हणजे काय?"

त्यांनी काउंटरवरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाळणाघराचं पान. मूल ताब्यात देणे. पायऱ्या मी लावल्या होत्या तशाच, पाचही. वर सावधगिरी: आई एकाच दिवशी दुसऱ्यांदा आली, तर दुसरीला मूल देऊ नये.

दुसऱ्यांदा आली तर दुसरीला. मी ते पुन्हा वाचलं.

"मी सकाळी सोडायला आले ते धरून म्हणता का?"

"नाही ताई. त्यानंतर एकदा आलात तुम्ही. आत आहात." त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. "म्हणजे, मला नाही माहीत. साहेब म्हणाले स्क्रीनवर असेल तेच करा. हे आज तुमच्याच नावाने आलंय ना?"

पडद्याआड कुणीतरी गुणगुणत होतं. ठकी पोटात असताना मी एक चाल रचली होती. तिला शब्द नाहीत. नवऱ्यासमोरही ती मी कधी म्हटली नव्हती, लाज वाटायची.

मी फळीवरून हात घातला. मावशींनी तो धरला. घट्ट, पण प्रेमाने, वेड्या माणसाचा धरतात तसा.

"पान बदला," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हीच बदलू शकता. मी एका मिनिटात देते."

मी दोन मजले धावत चढले.

रकाना पुसला. रिकामा ठेवून पाठवला. आत्याबाईंनी परत केला. सावधगिरी आवश्यक आहे.

मी 'काही नाही' लिहिणार होते. एवढं होऊनही, सवयीने. क, आ, पर्यंत लिहिलंसुद्धा.

पुसलं.

मग पहिल्यांदाच मी त्या रकान्यात खरं काहीतरी लिहिलं. कुणाला माहीत नसलेलं. ठकी झोपताना आईची करंगळी धरते. दुसरं कुठलं बोट दिलं तर रडते. आणि एकाच हाताची. मी डोळे मिटून तिला समोर उभं केलं, तिची इवली मूठ, त्या बाजूचा हात, आणि लिहून टाकलं: कोणत्या हाताची हे जी सांगेल, तीच आई. तिलाच द्यावे. खाली मावशींना पडताळायला उत्तर.

आत्याबाईंनी मान डोलावली. पान गेलं.

खाली आले तेव्हा पडदा उघडा होता. खुर्ची रिकामी होती. ठकीचा पाळणाही.

"अहो, बाहेर आल्या आणि सांगितलं त्यांनी," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पातळ झाला होता. "मी विचारलं, त्यांनी सांगितलं. खालचं उत्तर मी वाचायच्या आधीच. मग मी वाचून बघितलं. बरोबर होतं."

"काय सांगितलं?"

"उजवी."

"डावी," मी म्हणाले. "मावशी, डावी आहे. डावी."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. एका आईकडे बघतात तसं नाही.

"इथे उजवी लिहिलंय."

मी वाकून बघितलं. घाईत मी तिला समोर उभं केलं होतं. समोरच्याची बाजू उलटी पडते. लिहिणारी मीच होते.

वसाहतीतलं ते पाच मिनिटांचं अंतर मी कसं कापलं ते आठवत नाही. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. नवरा पलंगावर, डोळ्यांवर हात घेऊन. शेजारी पाळणा. पाळण्यात ठकी, झोपलेली, गुलाबी, अंगावर दुपटं नीट चारी बाजूंनी खोचलेलं.

"शूऽऽ," तो झोपेत म्हणाला. "आत्ताच झोपवलीस ना. परत काय आलीस?"

मी तिला उचललं. तोच वास, मानेच्या वळीत. तेच वजन. डाव्या कानामागचा तीळ. माझीच आहे. मी दहा वेळा बघितलं, रोज बघते.

नोकरीवर गेले नाही त्याला आज आठ दिवस झाले. ठकी आता माझं दूध घेते. मावशींचा फोन आला होता, तब्येत विचारायला. वायरकाकांचाही.

"रजेवर आहेस म्हणतात," ते म्हणाले. "मग रोज पानं कोण भरतंय? दोनशे चौदा पूर्ण झाली की. साहेब खूश आहेत." ते हसले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मी आज मुद्दाम तुझ्या मजल्यावर गेलो नाही."

पाळणाघराचं पान अजून तसंच आहे. मला घरून उघडता येतं. उजवी पुसून डावी लिहायला दोन मिनिटं पुरतील. रोज उघडते आणि बंद करते. स्क्रीनवर असेल तेच खरं. ते बदललं तर मुलगी कुणाची ठरेल, हे मला सांगता येत नाही.

ती कूस बदलतेय. चाळीस मिनिटं संपत आली.

मघाशी मी टाईप करायचं थांबवलं आणि डाव्या हाताची करंगळी तिच्या मुठीशी नेली. तिने डोळे न उघडता ती चाचपली, हलकेच बाजूला सारली, आणि उजवी आणखी घट्ट धरली.