तांब्याशेजारचं लोखंड

नवा पाइप टाकला, तिथेच गळती कशी झाली? मृण्मयीला हा प्रश्न पडला तो रविवारी सकाळी.

पाचगणीचा त्यांचा दगडी बंगला दीडशे वर्षांहून जुना. दिवाणखान्याच्या भिंतीवर पणजोबांनी धनेशासारखे पक्षी रंगवले होते. त्याच भिंतीतून अचानक पाण्याची चिळकांडी उडाली.

"आत्या, पाणी धनेशाच्या शेपटीवर आलं!"

मृण्मयी अंगणात धावली आणि मुख्य व्हॉल्व्ह (पाणी अडवणारी चावी) दोन्ही हातांनी फिरवू लागली. तो हलेना.

"जोर लावू नकोस!" वसुधा आत्या म्हणाली. ती धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुणधर्म अभ्यासणारी) होती. "गेल्या वर्षीच्या कामानंतर कुणी फिरवलाच नाही. आत गंजलाय, दांडी मोडेल."

तिने पेटीतून 'गोम' काढली. बोटाएवढा, पुष्कळ पायांचा यंत्रमानव! अंगणातला नळ काढताच दोघी चिंब भिजल्या, पण गोम पाइपात शिरली.

"पुढे दोन फाटे आहेत," तिचा बारीक आवाज आला. "कुठे वळू?"

मृण्मयीने एकेका पाइपाला कान लावला. बागेकडचा शांत होता. उजवीकडचा, घरात जाणारा सूं सूं करत होता.

"उजवीकडे!"

गोमने तिकडे जाऊन रबरी पोट फुगवलं आणि पाइप बुजवला. भिंतीतली धार बारीक झाली, थांबली. धनेशाची शेपूट पुसट झाली होती, चोच मात्र वाचली.

भिंत उकरली. गेल्या वर्षी बसवलेला तांब्याचा तुकडा लखलखत होता. त्याला जोडलेल्या जुन्या लोखंडी पाइपाला भोक पडलं होतं.

आत्याने लिंबात एक खिळा आणि एक तांब्याची तार खोचली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मापकाला जोडली. काटा हलला.

"वीज?"

"हो. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, की झाला विद्युतघट (छोटी बॅटरी). पाण्यात क्षार असतात, म्हणून तिथेही हेच घडतं. त्यात लोखंड झिजतं आणि तांबं टिकतं."

मृण्मयी विचारात पडली. "मग दोघांना एकमेकांना चिकटूच द्यायचं नाही! मध्ये प्लास्टिक बसवलं तर?"

"शाबास! प्लास्टिकातून वीज जात नाही."

संध्याकाळपर्यंत झिजलेला पाइप बदलला, जोडावर प्लास्टिकची कडी बसली, नवा व्हॉल्व्हही आला. तो अडकू नये म्हणून अधूनमधून फिरवायचं काम मृण्मयीने मागून घेतलं.

"आत्या, चंद्रावर वसाहत बांधतायत ना? तिथेही वेगवेगळे धातू जोडत असतील?"

"असतील की. आणि तिथे थेंबभर पाणीसुद्धा गळून चालणार नाही."

"मग मला अजून धातू दाखव," मृण्मयी म्हणाली आणि दुसरं लिंबू आणायला स्वयंपाकघरात पळाली.