कड्यावरचं आवतण

नूतनने सहा वर्षं भुणभुण लावली, तेव्हा कुठे दादाभाऊ एका दिवसापुरता हलला. आहुप्याचा कोकणकडा काही काशी-रामेश्वर नव्हे. अवसरीहून मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण आणि पुढे वर जाणारा रस्ता. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या धारेला माणूस गोठ्यात हजर. तरी आपला नवरा कधी कांद्यापायी अडायचा, कधी उसापायी, कधी व्यायला झालेल्या गाईपायी. आणि निघाले ते नेमके अशा दिवशी, की डिंभ्याच्या पुढे पिकअपच्या काचेपलीकडचा रस्ताच दिसेना.

कड्यावर समोर नुसतं पांढरं. खाली कोकण आहे म्हणे, असेल. वारा खालून वर, पाऊसही खालून वर. छत्री दोनदा उलटी झाली तेव्हा नूतनने ती मिटून काखेत मारली.

"उघडंल धा मिनिटात," दादाभाऊ म्हणाला. हे तो दीड तास म्हणत होता.

"आदीच आणलं असतं तर..."

"आता पाऊस काय मी पाडला का?"

नूतनने पदर डोक्यावर ओढला. तिला रडू येत होतं, आणि ते या पावसात कोणाला दिसणारही नाही म्हणून आणखीच राग येत होता. पुन्हा सहा वर्षं हा माणूस जागचा हलायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मागे फिरून एका सपाट कातळावर, डोक्यावर ताडपत्री ओढून ते जेवायला बसले. कडा नक्की कुठल्या बाजूला राहिला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. नूतनने भाकरी, भरीत आणि ठेचा वाढला आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात धुक्यात कोणीतरी जाताना दिसलं. डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं, हातात काठी. आता, आपण जेवत असताना माणूस पुढून गेला आणि त्याला बोलावलं नाही, असं अवसरीत घडत नाही. आपण म्हणायचं 'या जेवायला', त्याने म्हणायचं 'होऊ द्या', आणि दोघांनी आपापल्या कामाला लागायचं. खरंच कोणी येऊन बसत नसतं.

"या पावणं, जेवायला!" दादाभाऊने सवयीने हाक दिली.

माणूस थांबला. 'होऊ द्या' म्हणाला नाही. वळला आणि येऊन बसला.

नूतनच्या कपाळावर आठी चढली. पण समोर बसलेल्याला वाढायला तर हवं. तिने त्याच्या तळहातावर भाकरी ठेवली, तेव्हा बोटं लागली. विहिरीच्या तळाच्या दगडासारखी गार. तो खाऊ लागला. चावल्याचा आवाज येत नव्हता. इरल्याखालचं तोंड दिसत नव्हतं. आजूबाजूला शेवाळाचा, जुन्या ओलीचा वास दाटला. एक भाकरी गेली, दुसरी गेली, तिसरीही.

"आता... आमच्याकडं या," तो हळूच म्हणाला. "दोघंबी..."

"येऊ की," दादाभाऊ म्हणाला. हेही म्हणायचंच असतं.

"वयनी...?"

नूतन बोलली नाही. तिचा दिवस फुकट गेला होता, तिच्या वाटची भाकरी गेली होती, आता तोंडदेखलं हसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"अगं, बोल की. माणूस आग्रह करतंय."

ती तशीच फुगून बसली. पाहुणा बराच वेळ थांबला. मग उठला आणि आला तसा गेला.

तो दिसेनासा होतो न होतो तोच वारा आला आणि धुकं एकदम फाटलं. सहा वर्षं जे पाहायचं होतं ते नूतनला अखेर दिसलं. हिरवी खाचरं, दोऱ्याएवढी नदी, खाली, फार खाली. पाहुणा गेला होता त्या बाजूला चार पावलांवर कातळ संपत होता.

"वाट असंल... कायतरी," दादाभाऊ म्हणाला.

परतताना आहुपे गावात भागूबाईच्या टपरीवर चहा घेताना त्याने हसत हसत हे सांगितलं. म्हातारी हसली नाही.

"कड्यावर आमी दरीकडं पाठ करून, मुकाट खातो. कुणाला बोलवत न्हाई," ती म्हणाली. "जेवला का तो?"

"पोटभर!"

भागूबाईने राहिलेला चहा ओतून टाकला आणि आत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी अवसरीत लख्ख ऊन पडलं. दुपारी दादाभाऊ पडवीत जेवायला बसला. पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला.

"आलो, आलो!" तो मोठ्याने म्हणाला, आणि हात धुऊन उठला.

"कुठं निघालात?"

"ऐकू येत न्हाई व्हय तुला? सकाळधरनं हाका मारत्यात."

नूतनने कान दिला. गोठ्यातली गाय रवंथ करत होती, शेजारची मोटर चालू होती. बाकी काही नाही. दादाभाऊने चप्पल पायात सरकवली. सहा वर्षं जागचा न हललेला माणूस, आणि आता ताट टाकून निघाला होता. तिने धावत जाऊन त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई जायाचं! माझी शपथ हाय!"

"असं कसं? शब्द दिलाय. पानं वाढली म्हणत्यात."

"किती?" तिने विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

दादाभाऊने पश्चिमेकडे, कड्याच्या दिशेला मान वळवून ऐकलं.

"दोन."

"मी येते म्हणलं न्हवतं... एक शब्द बोलले न्हवते मी!"

तो पुन्हा ऐकू लागला, बराच वेळ. मग तिच्याकडे वळून समजुतीने म्हणाला, "ते म्हणत्यात, बोलली न्हाई. पर वाढलं तिनंच."