हैबतरावांच्या गाडीचं काचेचं छप्पर

दीड दिवसाचा गणपती असलेल्या माणसाला ऋषिपंचमीच्या सकाळी घराबाहेर काढू नये, एवढी साधी माणुसकी कमळाकर गावंडकडे नव्हती. प्रविण म्हात्रे उत्तरपूजेची तयारी अर्धवट टाकून, स्कूटरची किल्ली हातात घेऊन त्याच्या पेणच्या कचेरीत बसला होता आणि स्वतःलाच शिव्या घालत होता. संध्याकाळी विसर्जन. बायकोने बजावलं होतं, उशीर झाला तर परत घरी येऊ नका.

कमळाकर खासगी गुप्तहेर होता. पेणसारख्या गावात गुप्तहेराला काम काय, तर लग्नाआधी मुलाची चौकशी, नाहीतर हरवलेली मोटरसायकल. त्याच्याकडे स्वतःचं वाहन नव्हतं. प्रविणकडे स्कूटर होती. त्यांच्या मैत्रीचं बरंचसं रहस्य यातच होतं.

समोर सरू बसली होती. नवरा महिपती, रोह्याचे कारखानदार हैबतराव यांचा ड्रायव्हर. ती पहाटेच्या एसटीने आली होती.

"भाऊ, ह्यांना कामावरनं काढला. गौरी यायच्या आत खोली खाली करा म्हनलेत."

"का?"

"गाडीची काच."

मग सगळं बाहेर आलं. हैबतरावांनी परदेशातून एक वेगवान गाडी आणवली होती. दोनच माणसं बसायची, पण छप्पर पुढपासून मागपर्यंत अख्खं काचेचं, बटण दाबलं की मागे सरकणारं. पावसाळ्याच्या तोंडावर महिपतीने ती नारळाखाली लावली आणि नारळ पडून छप्पर फुटलं.

"तवाची चूक ह्यांचीच व्हती. ह्ये नाय म्हनत नाय," सरू म्हणाली. "नवी काच बोटीनं आली. गेल्या आठवड्यात हितं पेणलाच पुंडलिकशेटकडं बसवली. आन परवा हरतालिकेला पुन्हा तसंच! गाडी त्याच झाडाखाली, काच फुटलेली, शिटावर नारळ. ह्ये गळ्याची आन घेतात भाऊ, गाडी शेडात लावलेली व्हती. पर कोन ऐकतो?"

प्रविणने सुस्कारा सोडला. एकाच झाडाखाली दोनदा गाडी लावणाऱ्या माणसासाठी आपण गणपती सोडून बसलोय!

"चल," कमळाकर उठला. "आधी पुंडलिक, मग रोहा."

"आणि माझं विसर्जन?"

"तोवर येऊ."

हे 'तोवर येऊ' प्रविण गेली कित्येक वर्षं ऐकत होता.

पुंडलिक गॅरेजच्या दारातच भेटला. हैबतरावांचं नाव काढताच त्याने कपाळावर हात मारला.

"सकाळपासून दोन फोन आले त्यांचे! म्हणे तू काच नीट बसवली नाहीस, म्हणून नारळाने फुटली. अरे, रूळ साफ केले, नवं रबर घातलं, वरून पाइप सोडून पाणी मारून बघितलं, थेंब आत आला नाय. मी चुकलो असतो तर काच हलली असती, गळली असती. फुटली कशी असती?"

"मग फुटते कशाने?"

"ही काच लई चिवट. वरून मूठ मारा, काय होत नाय. पर टोकदार काय जोरात टेकलं, की एका दमात सगळी साबुदाण्यासारखी. नारळाची शेंडीकडची बाजू धरा, नायतर खिळा." त्याने कोपऱ्यातलं घमेलं पायाने पुढे सरकवलं. ते काठोकाठ काचेच्या दाण्यांनी भरलेलं होतं. "ही पहिल्या वेळची. एवढं निघतं एका छपरातून. आता मी काय करू, त्यांच्या झाडाला रबर बसवू?"

बाहेर येताच प्रविण म्हणाला, "हाच. काम बिघडवलं आणि आता झाडावर ढकलतोय."

कमळाकर आधीच स्कूटरवर मागे जाऊन बसला होता. त्याच्या या घाईचाही प्रविणला राग यायचा.

पेण ते नागोठणे रस्त्याची त्या १९९७ सालच्या पावसाने चाळण केली होती. नागोठण्यापर्यंत प्रविणने सरकारला, पावसाला आणि मागे बसलेल्या कमळाकरला आळीपाळीने शिव्या दिल्या. नागोठणं मागे पडल्यावर, निडी गावाच्या अलीकडे पाण्याने भरलेला एक खड्डा त्याला दिसलाच नाही. स्कूटर अशी आदळली की डिकी उघडून पाना, पक्कड, फडकं सगळं रस्त्यावर.

"आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!" प्रविण ओरडला आणि सामान गोळा करू लागला. मदत करायची सोडून कमळाकर रस्त्याकडेच्या गवतात उकिडवा बसला होता.

"तुला आत्ताच लागली होती?"

"प्रविण, हे बघ." त्याच्या तळहातावर काचेचे दाणे चमकत होते. गवतात आणखी ढीगभर होते.

"कुठल्यातरी ट्रकची काच असेल. चल रे बाबा!"

कमळाकरने दाणे रुमालात बांधून खिशात टाकले.

रोह्यात हैबतरावांच्या बंगल्याच्या मागे महिपती भेटला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"किल्ली कुठं असते?" कमळाकरने विचारलं.

"सैपाकघरातल्या खिळ्याला. परवा सायेब स्वतः जीप घेऊन कारखान्यात गेलेले. मला वहिनींनी बाजारात धाडला, मखराचं सामान आनायला. संध्याकाळी आलो तर गाडी झाडाखाली."

"काचा कोणी झाडल्या?"

"मीच. ह्या सुपात मावल्या. शिट पुसलं, पावसानं चिंब भिजलेलं. मग सायेब आलं न्…" त्याने सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

कमळाकर त्या नारळाखाली जाऊन बराच वेळ वर बघत राहिला. झावळ्यांच्या बगलेत लिंबाएवढी कोवळी फळं तेवढी होती. प्रविण मात्र चार पावलं दूरच उभा राहिला. डोक्यात नारळ घेऊन विसर्जनाला जायची त्याची इच्छा नव्हती.

गणपतीच्या दिवसांत दर्शनाला आलेल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही. कमळाकर त्या जोरावरच थेट दिवाणखान्यात शिरला. हैबतराव सोफ्यावर रेलून टेलिफोनवर कोणालातरी झापत होते. सरूचं नाव ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण खाली बसा म्हणाले.

"गुप्तहेर कशाला पाहिजे? नारळ सापडला, झाड सापडलं, ड्रायव्हर सापडला."

"खरंय," कमळाकर नम्रपणे म्हणाला. "मखर सुंदर आहे हो. मूर्ती पेणची?"

हैबतराव खुलले. "पेणजवळच्या जोह्याची! आमची पद्धत आहे. आजोबांचा शिसवी पाट आहे, तो आषाढात जोह्याला पाठवतो. मूर्तिकार त्याच पाटावर शाडूची मूर्ती घडवतो. पाटातच मागे पितळी छत्राची दांडी ठोकलेली आहे. तीन पिढ्या त्याच पाटावर गणपती येतो आमच्याकडे."

प्रविणने पाहिलं, गणपतीवर चंदेरी कागदाचं छत्र दोऱ्याने टांगलं होतं.

"पितळी छत्र दिसत नाही ते?" कमळाकरने विचारलं.

उत्तर रोहिणीवहिनींनी दिलं. हैबतरावांची बायको, हातात मोदकांचं ताट. "पॉलिशला दिलंय. वेळेत आलं नाही." मग घाईने म्हणाल्या, "घ्या ना. आमच्याच दारच्या नारळाचं सारण आहे. गणपतीआधी सगळं झाड उतरवून घेते मी दरवर्षी."

मोदक अप्रतिम होता. त्या दिवसात प्रविणला बरी वाटलेली ती पहिली गोष्ट. कमळाकर मात्र गणपतीसमोर नमस्काराला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाटावर अंथरलेल्या लाल वस्त्राची कड त्याने बोटाने जराशी उचलली. प्रविणला खाली पांढरं, ताजं, रंधा मारलेलं लाकूड दिसलं. त्याने दुसरा मोदक उचलला.

"मूर्ती आणायला कोण गेलं होतं?"

"मी," दारातून आवाज आला. हैबतरावांचा मुलगा निकेश. पुण्याला शिकायला होता, सणाला आलेला. "टेम्पोने आणली. त्या गाडीला मी हातही लावला नाही त्या दिवशी."

त्याला गाडीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि प्रविणला बायकोने बजावलेलं आठवत होतं. तो कमळाकरच्या कानाशी लागला. "काय ते आटप. पुंडलिक की महिपती?"

"दोघेही नाहीत." कमळाकर मोठ्याने बोलला. फोनची डायल फिरवणारं हैबतरावांचं बोट थांबलं.

"हैबतराव, गाडी त्या झाडाखाली फुटलीच नाही. अख्ख्या छपराच्या काचेने घमेलं भरतं, ते मी पेणला बघून आलोय. महिपतीने झाडाखालून गोळा केली ती सुपात मावली. बाकीची कुठे गेली?" त्याने रुमाल सोडला. "ही निडीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या गवतात. झटकून टाकलेली."

"ती कुठलीही असेल!"

"असेल. मग नारळाकडे बघू. वहिनी आत्ताच म्हणाल्या, झाड गणपतीआधीच उतरवलं. वर लिंबाएवढी फळं आहेत फक्त. पडायला नारळच नव्हता, मग सीटवर आला कुठून? घरातल्या ढिगातून. म्हणजे ठेवणारा घरातला. पहिला अपघात नारळाने झाला, तेव्हा दुसराही त्याच्याच नावावर खपेल, असा त्याचा हिशेब."

निकेश भिंतीला टेकला.

"पण घरातलं माणूस स्वतःच्याच गाडीची काच का लपवेल?" प्रविणने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"काच लपवायची नव्हतीच रे. काचेबरोबर जे मोडलं ते लपवायचं होतं." कमळाकर गणपतीकडे वळला. "पाटावर घडवलेली मूर्ती पाटाला चिकटलेली असते. पाट बदलला म्हणजे मूर्ती बदलली. हैबतराव, या वस्त्राखाली तुमचा शिसवी पाट नाही. कोरा पाट आहे. छत्रही नाही. सणाच्या दिवसात पॉलिशला कोण देतं? पॉलिश सणाआधी होतं."

हैबतराव उठले, वस्त्र उचललं आणि तसेच उभे राहिले.

"जीप तुमच्याकडे होती," कमळाकर पुढे म्हणाला. "मागे उरली दोन माणसांची गाडी. एकाने चालवायची, दुसऱ्याने पाट मांडीवर धरायचा. मागे छत्राची दांडी उभी, तिचं टोक थेट काचेखाली. छप्पर उघडता आलं असतं, पण पाऊस होता आणि शाडूला पाणी लागून चालत नाही. निडीच्या खड्ड्यात गाडी आदळली, छत्राचं टोक वर बसलं. काच गेली, आणि त्याच धक्क्याने दांडीने…"

"सोंड," रोहिणीवहिनी म्हणाल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "दांडी वाकली न् मूर्ती पुढे कलली. माझ्या मांडीवर सोंड तुटून पडली."

हैबतराव त्यांच्याकडे वळले.

"टेम्पो मिळाला नाही म्हणून मीच म्हटलं, गाडीने जाऊ. दिवसभर हरतालिकेचा निर्जळी उपास. गेल्या वर्षी तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तीन पिढ्यांचा गणपती यंदा माझ्या मांडीवर खंडित झाला, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? आम्ही मागे फिरून नागोठण्याला नदीत विसर्जन केलं. तिथूनच दुसरी मूर्ती घेतली."

"आणि ती कशी आणलीत?" प्रविणने न राहवून विचारलं.

"प्लास्टिक पांघरून," निकेश पुटपुटला. "छप्पर नव्हतंच आता. आरामात बसली."

एरवी प्रविणला हसू आलं असतं.

"नारळ मी ठेवला," निकेश म्हणाला. "बाबा महिपतीला ओरडतील आणि विसरतील, असं वाटलं. एकदम काढून टाकतील असं नाही वाटलं."

"आणि काढल्यावर?" कमळाकरचा आवाज चढला. असं क्वचितच व्हायचं. "दोन दिवस झाले. दोन आरत्या झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही देवासमोर! वहिनी, तुम्हाला तोंड उघडावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटलं. रोज ह्यांच्या छातीकडे बघायचे, न् गप्प बसायचे."

हैबतराव खाली बसले. इतका वेळ घरभर घुमणारा त्यांचा आवाज पार बसला होता. "गाडी गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "महिपतीला बोलवा."

"बोलवू नका," कमळाकर म्हणाला. "जाऊन या."

महिपतीची खोली बंगल्यामागेच होती. सरूही एसटीने परत पोचली होती. हैबतराव दारातच थांबले, त्यांच्यामागे बाकी सगळे. सगळा संसार गाठोड्यांत बांधून भिंतीला लावला होता: गादी, डबे, भांडी, कपडे. खोलीत एकच गोष्ट न बांधलेली होती. कोपऱ्यात, साडीच्या आडोशाला, एक वितीएवढा गणपती बसवलेला होता. समोर समई तेवत होती.

"पाच दिवसांचा हाय," सरू म्हणाली. ती उठली नाही. "गौरीबरोबर जायाचा. मांडलेला देव मधीच हलवत नाय, ते तुम्हाला ठाव हाय वहिनी. भांडी बांधली, गादी बांधली. ह्याला कशात बांधू, तेवढं सांगा."

महिपती "सरू, राहू दे गो" म्हणाला. ती राहू देणारी नव्हती.

 प्रविणला घड्याळ बघायचं भान राहिलं नव्हतं.

रोहिणीवहिनी चपला काढून आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. जवळचं गाठोडं पुढे ओढून त्या गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट होती. त्यांच्या बोटांना जमेना. सरू मदतीला पुढे झाली नाही. वहिनींनी शेवटी दात लावून गाठ सोडवली, एकेक पातेलं काढून फळीवर उलटं ठेवलं आणि दुसरं गाठोडं ओढलं.