पुसून टाकलेला पहारेकरी

भीती वाटत असेल त्याने दिव्याजवळ सरकावं. बाकीच्यांनी ऐका. आपल्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दशरथराव राहतात ना, त्यांच्या दीक्षाच्या बाबतीत घडलेलं आहे. तिच्याच तोंडून आलेलं, वरून मीठमसाला नाही.

मंगळवार होता, अठरा नोव्हेंबर. संध्याकाळी सातला दीक्षा मंडईजवळ शुभंकरच्या घरी गेली, त्याचा लॅपटॉप आणायला. शुभंकर तिच्याच कंपनीतला, पाय मोडून घरी पडलेला.

त्यांच्या कामात एक रीत आहे. कॉम्प्युटरवर लिहिलेलं काम साठ्यात ठेवायच्या आधी एक छोटीशी फाईल ते तपासते. चूक असली तर आत सोडत नाही. तिला हूक म्हणतात. दीक्षा म्हणायची पहारेकरी. पण बाकीचं सगळं काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपसूक जातं, हा पहारेकरी तेवढा जात नाही. त्याला प्रत्येक यंत्रात हाताने बसवावं लागतं. ते काम उत्तरेश्वर नावाचे एक जुने गृहस्थ करायचे, टेबलाटेबलाशी जाऊन. कुणी घाईत पहारा चुकवला की त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "थांबा." बस, एवढंच. फेब्रुवारीत ते गेले. झोपेतच.

पुढे ऑफिसात तीन जातींची यंत्रं झाली, विंडोज, मॅक आणि लिनक्स. उत्तरेश्वरांचा पहारेकरी कुठेच धड चालेना. मग जो तो त्याला चुकवू लागला. त्यात एका दवाखान्याचा पासवर्ड बाहेर गेला, आणि निस्तरायला दीक्षा सापडली.

तिच्या वरिष्ठ पद्मजा मॅडम म्हणाल्या, "सहा महिने झाले आपल्याला येऊन. उद्या दहाला तिन्हींवर पहारा चालवून दाखवा. नाहीतर आपल्याला कायम करायचा विषय मी काढत नाही."

शुभंकर लॅपटॉप देताना हसला. "ताई, कशाला जीव काढतेस? मी चार महिने चुकवतोय. काही बिघडलं?"

"बिघडलं म्हणून तर माझ्या गळ्यात पडलंय, शहाण्या!"

कात्रजला घरी आली. जेवणाच्या टेबलावर शुभंकरचं आणि ऑफिसातून आणलेली दोन, अशी तिन्ही जातींची यंत्रं मांडली. पहारेकरी विंडोजवर चालला. लिनक्सवर नेला, तर ओळींच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक खूण त्याच्यासोबत गेली, आणि लिनक्स म्हणे, अशी फाईलच नाही. अरे, समोर दिसतेय की! खूण काढली. चालला. मॅकवर नेला. मॅक म्हणे, हा हुकूम मला असा चालत नाही. मॅकसारखा केला, तर लिनक्स रुसला.

"जेवून घे गं," दशरथराव म्हणाले.

"या तिघांना जेवू घाला आधी, बाबा!"

ते बिचारे झोपायला गेले. साडेबाराला दीक्षाने चहा केला आणि ओट्यावरच विसरली. सव्वाला रडू आलं, तेही रागाचं. पाऊण तास झाला नसेल, तिने तिन्ही यंत्रांतून तो पहारेकरी पुसूनच टाकला. फोल्डर रिकामं.

"जा मेल्या! उद्या राजीनामा देते."

निदान आपलं अर्धमुर्धं काम तरी साठ्यात ठेवू, म्हणून तिने विंडोजवर बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली.

थांबा. ओळ बेचाळीस.

यंत्र एरवी इंग्रजीत बोलतं. हे मराठीत होतं.

तिने फोल्डर पाहिलं. रिकामंच. पुन्हा बटण दाबलं.

थांबा.

पहारा चुकवायचा हुकूम लिहिला. दाबला.

थांबा...

आणि बाजूची दोन यंत्रं, ज्यांना तिने हातही लावला नव्हता, ती उजळली. दोघांवर तेच.

तिने शुभंकरला फोन लावला. "तू शिरलायस का रे लॅपटॉपमध्ये?"

"ताई... दोन वाजून गेलेत."

"पडद्यावर 'थांबा' येतंय. पहारेकरी तर मी पुसलाय..."

शुभंकर हळूच म्हणाला,

"मागे बघू नकोस."

फोन कटला.

खुर्चीमागे कुणी उभं असलं की मानेला कळतं. तिला कळलं.

तिने मान हलवली नाही. ओळ बेचाळीस उघडली. तपासताना तिने स्वतःच तिथे दवाखान्याचा नवा पासवर्ड चिकटवला होता. तसाच राहिला होता. सकाळी तो सगळीकडे गेला असता.

पुसला. बटण दाबलं.

काम आत गेलं. पडदे विझले.

ती उजाडेपर्यंत तशीच बसून होती...

दहाला ऑफिसात राजीनामा हातात घेऊनच गेली. ती तोंड उघडणार, तोवर पद्मजा मॅडमनी तिन्ही यंत्रांवर मुद्दाम एकेक चूक लिहिलीसुद्धा. तिन्हींनी अडवली.

"जमलं की! कायम झालात आपण. आता फाईल उघडा, बघू काय लिहिलंयत."

दीक्षा म्हणाली, "मॅडम, फाईल नाहीये. मी काढून टाकली."

"चेष्टा पुरे. ही काय!"

होती. तिन्ही यंत्रांत. मॅडमनीच उघडली.

आत एक अक्षर नाही.

दुसऱ्या यंत्रावर पाहिलं. कोरी. तिसऱ्यावर... कोरी. मॅडमनी पुन्हा एक चूक लिहिली. अडवली.

मग त्यांनी फाईलचा आकार पाहिला.

शून्य.