खंडाळ्याचा कॉम्प्युटर

गोष्ट तशी साधीच सुरू झाली. दुपारी सासूबाईंना चहा देऊन क्रांती त्यांच्या थोरल्या भावाच्या, तासगावच्या भाऊसोमामांच्या, बेदाणा शेडचा नकाशा पुरा करायला बसली. संध्याकाळी मामा तो न्यायला येणार होते. लग्नानंतरचं हे तिचं पहिलंच काम. बिघडलं तर लॅपटॉप कायमचा ट्रंकेत जाणार, हे कुंडलच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नकाशे काढायचा मोठा कॉम्प्युटर मात्र खंडाळ्याला, तिच्या माहेरच्या खोलीत. "नवरीसंगं फ्रीज येतो, असलं धूड न्हाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. मग काय, प्रोग्राम चालायचा तिथं आणि त्याचं चित्र नेटवरून उमटायचं इथं, लॅपटॉपवर. इथं माउस हलवला की तिथं रेघ ओढली जायची.

"अगं संयोगिता, नकाशावर नाव नवंच घाल हां! जुनं दिसलं तर दादा काय म्हणंल?" सासूबाईंनी आतून बजावलं.

संयोगिता. नवऱ्याने, शिवतेजने, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. नाव मात्र हिच्या अंगावर राहिलं.

दात आवळून तिने कोपऱ्यातलं 'क्रांती' पुसलं. 'संयोगिता' लिहिलं.

पडद्यावरचा बाण आपोआप सरकला. नवं नाव एकेका अक्षराने पुसलं गेलं, आणि त्या जागी सावकाश उमटलं... क्रांती.

धाकट्या भावाचाच चावटपणा! तिने तडक आईला फोन लावला.

"आई, पृथ्वीराजला माझ्या खोलीतनं बाहेर काढ! माझ्या कामाशी कसले खेळ?"

"तो शिरवळला कामावर गेलाय की. खोलीला कुलूप हाय. आणि सकाळपासनं इथं लाईट न्हाई बघ."

"लाईट न्हाई...?"

पडद्यावर शेडची भिंत ओढली जात होती. सफाईने. आधी दार, मग खिडक्या... तिच्याच सवयीप्रमाणे.

"थांब, बघते."

कुलपाचा खटका. दाराची करकर. मग नुसता आईचा श्वास.

"वास येतोय गं... तुझ्या माक्याच्या तेलाचा."

"संयोगिता!" स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या. हिने ओ दिली नाही.

फोनमध्ये आईने बंद खिडक्यांच्या त्या काळोखात हलकेच हाक मारली, "क्रांती...?"

ही तोंड उघडणार, तोच आईच्या पलीकडून, हिच्याच आवाजात उत्तर आलं, "आले गं. एवढी रेघ संपू दे."

क्रांतीच्या अंगावर काटा आला. पण काट्याच्याही आधी आला संताप. नावासाठी भांडायचं होतं हिने, सोसलंही हिनेच. आणि भांडून मोकळी झाली ती तिकडची! मग इकडे पाठवलं ते कुणाला?

तिने लॅपटॉप फाडकन मिटला.

फोनमध्ये माउसची टिकटिक चालूच होती.